जहाज कोचीला नऊ तास थांबतं तेव्हा : मराठवाड्यातल्या मित्रमंडळींनी शहर कसं पाहावं

आपल्या आठही जिल्ह्यांना समुद्र नाही. म्हणून क्रूझचं बुकिंग झालं की सगळं लक्ष जहाजावरच जातं. खोली कितव्या मजल्यावर, जेवण कसं, रात्री कार्यक्रम काय. मध्ये जे बंदर लागतं त्याचा विचार उतरल्यावर करू, असं सगळेच म्हणतात. लातूरचे आम्ही सहा जण, शाळेपासूनचे मित्र, पहिल्यांदा मुंबईहून कोचीला गेलो तेव्हा आम्हीही तेच म्हणालो. बंदराच्या फाटकाबाहेर कुठं जायचं यावर अर्धा तास गेला. मग चार ठिकाणी धावतपळत गेलो, एकही धड पाहिलं नाही आणि परतताना रिक्षा वाहतुकीत अडकली तेव्हा पोटात गोळा आला. दुसऱ्या खेपेला महिनाभर आधी एकत्र बसून दिवस ठरवला. पुढं लिहिलंय ते त्या दुसऱ्या खेपेचं.

पाहुणे आले की आपण एका दिवसात वेरूळ, खुलताबाद, देवगिरी आणि बीबी का मकबरा दाखवतो. तिथं ते जमतं, कारण गाडी आपली असते आणि उशीर झाला तरी घर जागेवर असतं. जहाज जागेवर राहत नाही.

आधी वेळेचं उलटं गणित मांडा

वेळापत्रकात ‘सकाळी ८ ते संध्याकाळी ५’ असं छापलेलं असतं. ते नऊ तास जहाजाचे असतात, तुमचे नव्हे. जहाज धक्क्याला लागल्यावर परवानगी मिळून, रांग सरकून बाहेर पडेपर्यंत तास जातो. निघण्याच्या अर्धा ते एक तास आधी सगळ्यांनी आत असावं लागतं. ती वेळ आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या पत्रकात असते. म्हणून हिशोब शेवटाकडून करा. चढायची शेवटची वेळ ४ असेल, तर तुम्ही आपल्यापुरती ती ३ धरा. परतीच्या रस्त्याला पाऊण तास धरा, म्हणजे सव्वादोनला शहर सोडायचं. नऊला उतरून साडेनऊला ठिकाणावर पोहोचलात, तर हातात पावणेपाच तास राहतात. हे कागदावर लिहून सगळ्यांना दाखवा. आकडा डोळ्यांसमोर आला की ‘तेही बघू, हेही बघू’ आपोआप थांबतं.

परदेशी बंदर असेल तर घड्याळही तपासा. श्रीलंकेची वेळ आपल्यासारखीच आहे, सिंगापूर मात्र अडीच तास पुढे. जहाज आपलं घड्याळ बदलतं की नाही, हे जहाजावरच विचारून घ्या. फोनच्या भरवशावर राहू नका.

मग बंद दिवस पाहा

हे आपल्याला सांगायला नको. अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी, हे माहीत नसल्यामुळे फाटकावरून परतलेली मंडळी आपण पाहिली आहेत. कोचीतही तसंच आहे. मट्टंचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. ज्यूंचं प्रार्थनास्थळ, म्हणजे सिनेगॉग, शुक्रवार आणि शनिवार, दोन्ही दिवस बंद असतं, आणि एरवीही दुपारी एकच्या सुमारास बंद होऊन तीनला उघडतं. बुकिंग करतानाच जहाज कुठल्या वारी पोहोचतं ते बघा, आणि निघायच्या आदल्या आठवड्यात वेळा पुन्हा तपासा.

जहाजाची सहल की आपली रिक्षा?

जहाजातर्फे सहली असतात. त्या महाग पडतात, पण सहलीच्या बसला उशीर झाला तर सहसा जहाज थांबतं. स्वतः गेलात तर थांबत नाही, पुढच्या बंदरापर्यंत आपल्या खर्चानं जावं लागतं. बरोबर वयस्क आईवडील असतील, कुणाचे गुडघे दुखत असतील, तर पैसे मोजा आणि सहल घ्या. चालणारे चार-सहा मित्र असाल तर कोचीत आपलं आपण जाणं सोपं आहे.

एकच भाग निवडा

कोचीत क्रूझ लागते ती विलिंग्डन बेटावर. बंदर खोल करताना उपसलेल्या गाळातून हे बेट विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात तयार झालं. तिथून एर्नाकुलमचे मॉल, मरीन ड्राइव्ह, बॅकवॉटरची होडी असे सगळेच मोह खुणावतात. ते सोडा. मट्टंचेरी आणि फोर्ट कोची हा एकच पट्टा घ्या, आणि मट्टंचेरी आधी, कारण दुपारची बंद वेळ तिथं आहे.

राजवाड्यापासून सुरुवात करा. पोर्तुगीजांनी 1555 च्या सुमारास तो बांधून कोचीच्या राजाला दिला, पुढं डचांनी दुरुस्त केला, म्हणून त्याला डच पॅलेस म्हणतात. बाहेरून साधा, कौलारू वाडा वाटतो. आत राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायण रंगवलंय. अजिंठा पाहिलेल्या डोळ्यांनी हे जरूर पाहावं: तिथं चेहऱ्यांभोवती मोकळी जागा आहे, इथं माणसं, झाडं, दागिने एकमेकांना खेटून आहेत, इंचभर भिंत रिकामी नाही. इथं मी घाई करू देत नाही, अर्धा तास द्याच.

तिथून चालत ज्यू टाउन. 1568 चं सिनेगॉग राजवाड्याच्या देवळाशेजारीच आहे. आत जमिनीवर चीनमधून आणलेल्या हातानं रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत. खांदे झाकलेले कपडे घाला, चपला बाहेर काढाव्या लागतात. गल्लीत मिरी, वेलची, जायफळाचा वास भरून असतो. कान देऊन ऐका, मट्टंचेरीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली कोंकणी कुटुंबं आहेत. एखाद्या दुकानात ओळखीचा शब्द कानावर पडतो.

या मिरीशी आपलंही जुनं नातं आहे, आणि तिथं उभं राहून मित्रांना ते सांगायला मला फार आवडतं. कोचीच्या उत्तरेला मुझिरिस हे प्राचीन बंदर होतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणात मुझिरिसही येतं आणि आपलं पैठण अन्‌ तगर, म्हणजे तेरही. तेरचा माल बैलगाड्यांनी भडोच बंदराला जाई आणि तिथून समुद्रापार. पाँपेईत सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी जुळणाऱ्या मूर्ती तेरला आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. कोचीला निघण्याआधी एक रविवार तेरच्या वस्तुसंग्रहालयाला द्या. मग बंदर वेगळंच दिसतं.

साडेअकराच्या आसपास रिक्षानं फोर्ट कोची गाठा. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला 1524 साली पुरलं होतं. अवशेष नंतर पोर्तुगालला नेले, थडग्याचा दगड अजून आहे. रविवारी प्रार्थना असते, तेव्हा आधी थांबून विचारा. पुढं किनाऱ्यावर चिनी जाळी. लाकडी तुळयांवर टांगलेलं भलंमोठं जाळं, दुसऱ्या टोकाला दोरीला लटकवलेले दगड. चार-पाच जण मिळून तोल साधत ते वरखाली करतात. आपल्या विहिरीवरची मोट ज्यांनी लहानपणी पाहिली आहे, ते इथं सगळ्यात जास्त वेळ उभे राहतात.

जेवण एकच्या आत उरका. शाकाहारी असाल तर केळीच्या पानावरचं जेवण मागा. भात जाड, लालसर असतो आणि भाज्यांना खोबरेल लागतं. चव नवी वाटेल, पण पोटाला हलकं जातं. आणि पाणी भरपूर प्या. आपलं ऊन कोरडं, घाम लगेच वाळतो. तिथं दमटपणामुळं अंगावरच राहतो, आणि बेचाळीस अंशांत सहज फिरणारा माणूस तिथं बत्तिसातच थकतो.

मित्रांमध्ये कामं वाटून घ्या

घड्याळ एकाच्याच हाती द्या. त्यानं ‘चला’ म्हटलं की वाद नाही, हे जहाजावर असतानाच कबूल करून घ्या. आमच्यात हे काम सगळ्यात कमी बोलणाऱ्याला दिलंय आणि त्याचं सगळे ऐकतात. दुसऱ्याकडे सामाईक पैसे: निघताना प्रत्येकाकडून सारखी रक्कम, रिक्षा-तिकिटं-जेवण त्यातून. प्रत्येक रिक्षापाशी सहा फोन बाहेर निघाले की दहा मिनिटं जातात. खरेदीला ठरलेला अर्धा तास द्या आणि सगळे एकाच गल्लीत राहा. एखाद्याला किनाऱ्यावर नुसतं बसायचं असेल तर बसू द्या, मात्र भेटायची जागा आणि वेळ पक्की करून.

खिशात काय

जहाजाचं कार्ड आणि मूळ ओळखपत्र. त्याशिवाय बंदराच्या फाटकातून परत आत येता येत नाही. जहाजाच्या बंदरातल्या प्रतिनिधीचा नंबर पत्रकावर असतो, तो कागदावर लिहून घ्या. खुल्या समुद्रात फोन विमान मोडवर ठेवा, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कचं बिल भलतंच येतं. मसाले सीलबंद पाकिटातच घ्या. दशम्या, धपाटे, ठेचा मुंबईच्या गाडीपुरते. बहुतेक जहाजांवर घरचं शिजवलेलं नेऊ देत नाहीत.

मुंबईला एक दिवस आधी पोहोचा. आपल्या लातूर, नंदीग्राम, देवगिरी या गाड्या सीएसएमटीला येतात आणि क्रूझचा धक्का, बॅलार्ड पिअर, तिथून जवळच आहे, पण गाडी उशिरा आली तर जहाज तिची वाट पाहत नाही.

परतल्यावर

चढलात की आधी सहा डोकी मोजा. मग खोलीत आडवं होऊ नका. जहाज सुटायच्या वेळी डाव्या बाजूच्या डेकवर जाऊन उभे राहा. बंदरातून बाहेर पडताना ते फोर्ट कोचीच्या अगदी जवळून जातं, आणि दुपारी ज्या जाळ्यांपाशी उभे होतात ती पाण्याकडून दिसतात.