जुना बटणांचा ऑफिस फोन जोडायचाय? आधी एकच लाइन नीट चालवा

चोर बाजारात किंवा कुणाच्या जुन्या ऑफिसच्या माळ्यावर खाली ओळीने सहा बटणं आणि त्यातलं एक लाल, असा जाडजूड अमेरिकन फोन मिळाला तर तो बहुतेक 1ए2 सिस्टिमचा असतो, म्हणजे एकाच फोनवर अनेक लाइन घेणारी सिस्टिम, वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीने 1960च्या दशकात आणलेली. लाल बटण होल्डचं, बाकी पाच लाइनची. साध्या सॉकेटला लावून चालत नाही म्हणून प्लीज भंगारात देऊ नका, कारण यात डोकं फोनमध्ये नसतंच, ते वेगळ्या डब्यातल्या कार्डांमध्ये असतं, एका लाइनला एक 400 सिरीजचं कार्ड.

फोनची जाड केबल 25 जोड्यांची असते. रंग पाठ करूनच टाका: पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, आणि प्रत्येकासोबत निळा, केशरी, हिरवा, तपकिरी, राखाडी. एका लाइनला तीन जोड्या लागतात. पहिल्या लाइनसाठी पांढरा-निळा म्हणजे बोलणं, पांढरा-केशरी म्हणजे ए लीड (कार्डाला इशारा देणारी जोडी), पांढरा-हिरवा म्हणजे त्या लाइनच्या बटणातला दिवा. दुसरी लाइन पांढरा-तपकिरीपासून पुढे, तसंच.

आता खरी गंमत ए लीडची, इथे घाई करू नका. रिसीव्हर उचलला की ही जोडी जुळते आणि कार्डाला कळतं की कुणीतरी लाइनवर आहे, मग दिवा स्थिर लागतो. होल्ड दाबलं की ए लीड आधी सुटते पण बोलण्याच्या जोडीत करंट अजून चालू असतो, तेवढ्यात कार्ड ओळखतं आणि स्वतःच लाइन धरून ठेवतं, दिवा भराभर लुकलुकतो. रिसीव्हर ठेवताना मात्र उलटं, आधी बोलण्याची जोडी सुटते, म्हणून कॉल कट होतो. किती सुंदर डोकं लावलंय बघा, आणि यात एकही चिप लागत नाही!

म्हणून फॉल्टही लगेच सापडतो. बोलणं नीट होतंय पण होल्ड दाबल्यावर कॉल तुटतोय आणि उचलल्यावरही दिवा रिंग येताना लुकलुकतो तसा लुकलुकतच राहतोय, तर पांढरा-केशरी जोडी तपासा, ती सुटलेली असणार.

पॉवरचं सांभाळा. मूळ सप्लाय 120 व्होल्टचा, आपल्या 230ला थेट लावला तर गेलाच म्हणून समजा. कार्डांना 24 व्होल्ट डीसी लागतो आणि दिव्यांना 10 व्होल्ट एसी, हे दोन वेगळे ठेवा. लॅमिंग्टन रोडला ट्रान्सफॉर्मर बघून घ्या, हवा तो नसेल तर बांधून घ्या.

बाहेरची लाइन आता तांब्याची नसली तरी फायबर राउटरच्या मागच्या फोन पोर्टवरून चालेल, फक्त तबकडीचा फोन असेल तर बरेच पोर्ट त्याचा डायल ओळखत नाहीत, कॉल येतील पण लागणार नाहीत. आणि काम करताना लाइन काढून ठेवा, रिंग आली की 75 व्होल्टच्या वर एसी येतो, झटका चांगलाच बसतो.

मुंबईच्या दमट हवेत कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ करा, घासू नका.

पहिल्या लाइनवर रिंग, उचलणं, होल्ड आणि परत घेणं सगळं जमलं की मगच दुसरं कार्ड लावा.