पोरांना मानवी हक्कांच्या कामाला नेताय? आधी फोटोचं बोला

मागच्या वेळी मी आठ पोरं घेऊन एका मोफत कायदा सल्ला केंद्रात गेले, वयं १४ ते १७, आणि माझ्या मते माझी यादी एकदम पक्की होती. बाटली, वही, पालकांची सही, सगळं होतं. फोटोबद्दल एक शब्द नव्हता. पोरांनी स्वतः रंगवलेलं पोस्टर तिथे भिंतीवर लावलं, एकीने त्याच्यासोबत सेल्फी काढून स्टेटसला टाकला, आणि तिच्या खांद्यामागे व्हाइटबोर्ड, त्यावर त्या आठवड्यात कोण कधी येणार त्याची नावं, वार, वेळ. त्यातल्या दोघी घरच्यांना न सांगता येत होत्या. तासाभरात स्टेटस काढलं पण तोवर ४१ जणांनी बघून झालं होतं, त्या दोघींच्या वेळा बदलाव्या लागल्या, भेटायची जागासुद्धा. पोरीला काय बोलणार, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.

तर आता यादी. आधी काम नक्की कुठलं ते विचारा. "जनजागृती आहे हो" एवढ्यावर जाऊ नका, पोरं दहा ते बारा काय करणार आणि बारा ते दोन काय करणार ते विचारा, कारण बऱ्याचदा उत्तर बॅनर धरून उभं राहणं हेच असतं आणि तेही फोटोसाठी. या वयाला जमणारी कामं भरपूर आहेत. पत्रं लिहिणं हे एक, अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल ही मानवी हक्कांसाठी लढणारी संस्था १९६१ पासून तुरुंगात डांबलेल्यांसाठी लोकांना पत्रं लिहायला लावते आणि १० डिसेंबरच्या, म्हणजे मानवी हक्क दिनाच्या, आसपास त्यांची मोठी मोहीम असते. म्हाताऱ्या माणसांना फॉर्म वाचून दाखवणं, कागद लावणं. आणि माझं सगळ्यात आवडतं म्हणजे रॅम्प मोजणं. बऱ्याच ठिकाणच्या नियमांत चढ १:१२ धरतात, म्हणजे पायरी १५ सेंटिमीटर उंच तर रॅम्प १८० सेंटिमीटर लांब हवा. पोरांना टेप द्या आणि सार्वजनिक इमारतींच्या दारात सोडा, "रॅम्प आहे" म्हणणाऱ्या इमारतींत घसरगुंडी कुठे बांधलीय ते तासाभरात कळतं. शिवाय यात कुणाचा चेहरा लागत नाही. फोटो काढलाच तर रॅम्पचा.

काय नको: अत्याचार झालेल्या माणसाची हकीकत ऐकायला पोरांना बसवू नका, मोठी माणसंसुद्धा शिकून मग हे करतात. रात्रीचं काम नको.

संस्थेला विचारा की पोरांची जबाबदारी कुणावर, त्या माणसाचं नाव आणि नंबर काय, मूल एका मोठ्या माणसासोबत बंद खोलीत एकटं असणार नाही हा नियम लेखी आहे का. "आमच्याकडे सगळं घरच्यासारखं असतं" असं उत्तर आलं तर दुसरी संस्था बघा.

पालकांची सही लेखीच, फोनवरचं "हो हो" चालत नाही. आणि पोराचं स्वतःचं हो पण घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं १२ वं कलम हेच सांगतं की मुलाला त्याच्याबद्दलच्या गोष्टींत मत मांडू द्या आणि ते विचारात घ्या, पण ते सोडा, आईने ढकललंय म्हणून आलेलं पोर दुसऱ्या दिवशी येत नाही एवढं कारण पुरे.

आता फोटो. हो, परत. आदल्या दिवशी सगळ्यांना बसवून सांगा, मेसेज करून नाही, मेसेज कुणी वाचत नाही. आत फोटो नाही, व्हिडिओ नाही, लोकेशन बंद. "चेहरा ब्लर करतो ना ताई" असं कुणीतरी म्हणणारच, तर सांगा की चप्पल, साडी, आवाज, खिडकीतून दिसणारं दुकान, यावरून ओळखणारा ओळखतो, आणि शोधणारा माणूस तर नवराच असतो कधीकधी. समोरच्या माणसाने "काढ की" म्हटलं तरी तुम्ही ठरवायचं नाही, संस्थेच्या माणसाला विचारायचं. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्क जाहीरनाम्यातही १२ वं कलम खाजगीपणाचंच आहे, आमच्या पोस्टरवर ते निळ्या स्केचपेनने छान लिहिलेलं होतं बरं का, आणि त्याच पोस्टरसोबत तो सेल्फी. आणि आठवण म्हणून काहीतरी हवंच असतं पोरांना, तर परत आल्यावर तुमच्याच अंगणात ग्रुप फोटो काढा. नुसतं नाही म्हणाल तर चोरून काढतील.

त्या दिवशी: वेळेवर, साधे कपडे, खाऊन. दाराशी मोबाईल एका पिशवीत जमा, एक तुमचा चालू. आत गेल्यावर आधी तुम्ही भिंती बघून घ्या, बोर्ड, रजिस्टर, टेबलावरच्या फायली. मी बघितलं नव्हतं.

परतताना कोण कुणासोबत ते आधीच ठरलेलं असू दे. दोन दिवसांनी अर्धा तास बसा, गप्प झालेलं पोर कुठलं ते बघा. सर्टिफिकेट लागत असेल तर तेव्हाच मागा, नंतर कुणी फोन उचलत नाही. आणि रात्री सगळ्यांची स्टेटसं बघा.