एका प्रोजेक्टमध्ये शिकलेलं पुढच्या प्रोजेक्टच्या कामाला कसं आणायचं

प्रोजेक्ट संपत आला की शेवटच्या आठवड्यात कोणीतरी 'लेसन्स लर्न्ड' नावाची फाइल भरायला घेतं, निम्मी टीम तोवर दुसऱ्या कामाला लागलेली असते, उरलेले आठवून आठवून 'कम्युनिकेशन सुधारायला हवं' असलं काहीतरी लिहितात आणि फाइल ड्राइव्हवर कुठल्यातरी फोल्डरात जाऊन पडते. मी स्वतः अशा बऱ्याच भरल्यात, नंतर एकही उघडली नाही. मोठ्यांचंही तेच. नासाकडे शिकलेले धडे साठवायची खास सिस्टीम आहे आणि २०१२ मध्ये त्यांच्याच इन्स्पेक्टर जनरलच्या तपासणीत निघालं की प्रोजेक्ट मॅनेजर तिच्याकडे क्वचितच फिरकतात. साठवलेलं भरपूर असतं हो, ऐन गरजेला हाताशी येत नाही.

तेव्हा आधी सॉफ्टवेअर विकत घेऊ नका. पहिल्या दिवसापासून एक डिसिजन लॉग, म्हणजे निर्णयांची नोंद, उघडा, साधी शीट चालेल. काय ठरलं हे मीटिंगच्या मिनिट्समध्ये असतंच, का ठरलं ते मात्र कुठेच नसतं आणि सहा महिन्यांनी नवा माणूस येऊन विचारतो की हे असं का केलंय, तेव्हा सगळे एकमेकांकडे बघतात. एक नोंद साधारण अशी:

१२ मार्च. पेमेंटसाठी दुसरा व्हेंडर घेतला. कारण: पहिल्याचे रिफंड टेस्टिंगमध्ये तीनदा अडकले. सोडून दिलेला पर्याय: स्वतः बनवणं, सहा आठवडे गेले असते. परत कधी विचार करायचा: या नव्या व्हेंडरने दर वाढवले तर.

चार ओळी, दोन मिनिटं. 'सोडून दिलेला पर्याय' ही ओळ लोक गाळतात, गाळू देऊ नका, पुढच्या टीमचा सगळ्यात जास्त वेळ तीच वाचवते.

त्याच शीटला शंकांचा एक टॅब जोडा. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापाशी पोचून नष्ट झालं, एका बाजूचं सॉफ्टवेअर पाउंडात आकडे देत होतं आणि दुसरी बाजू ते न्यूटनचे समजून गणित करत होती. आकडे जुळत नाहीयेत हे नेव्हिगेशनवाल्यांच्या लक्षात आलेलं होतं, पण ते नेहमीच्या ठरलेल्या मार्गाने वर गेलंच नाही, अनौपचारिक बोलण्यात राहिलं. 'मला हे बरोबर वाटत नाहीये, पण सांगता येत नाही का' एवढं लिहायलाही जागा हवी, आणि आठवड्यातून एकदा ते कोणीतरी मोठ्याने वाचायला हवं.

मग मधले आढावे. अमेरिकन लष्कराने १९७० च्या दशकात एक पद्धत बसवली, आफ्टर ॲक्शन रिव्ह्यू, त्यात प्रश्न चारच: काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचं. प्रत्येक टप्पा संपला की वीस मिनिटं बसा. बॉसने शेवटी बोलायचं, आधी बोलला की बाकीचे माना डोलावतात. आणि कोणाची चूक हे शोधायला लागलात तर पुढच्या आढाव्यात कोणी खरं बोलणार नाही.

आढाव्यातून निघालेलं टेम्प्लेटमध्ये घाला, रिपोर्टमध्ये नको. 'डेटा मायग्रेशनला वेळ कमी पडला' हे वाक्य कोणी वाचत नाही, पण प्लॅनच्या टेम्प्लेटमध्येच 'जुना डेटा साफ करणे, दोन आठवडे, जबाबदारी कोणाची?' अशी ओळ आली की नव्या मॅनेजरला ती भरावीच लागते.

हे सगळं झालं लिहिता येण्यासारखं. मायकेल पोलान्यी नावाचा विचारवंत १९६६ मध्ये म्हणून गेलाय की आपल्याला सांगता येतं त्यापेक्षा जास्त माहीत असतं. आमच्याकडे एक सीनियर मॅडम सोडून गेल्या, चाळीस पानांचा हँडओव्हर दिला, अगदी व्यवस्थित. पण क्लायंटकडचे अकाउंट्सवाले साहेब मेल बघतच नाहीत, त्यांना सकाळी फोनच लावायचा, हे त्यात नव्हतं कारण मॅडमना ते लिहिण्यासारखं वाटलंच नाही, आणि आमचं बिल तीन आठवडे अडकलं. म्हणून जाणाऱ्या माणसाकडून नुसतं डॉक्युमेंट मागू नका, नव्याला दोन दिवस त्याच्या शेजारी बसवा. तसंच नवीन प्रोजेक्ट सुरू व्हायच्या आधी, आधी असलं काम केलेल्या दोन-तीन जणांना अर्धा दिवस बोलवा, आपला प्लॅन त्यांच्यापुढे ठेवा आणि गप्प बसून ऐका. याला पीअर असिस्ट म्हणतात. प्लॅन मंजूर झाल्यावर बोलवलंत तर उपयोग नाही, तेव्हा कोणालाच तो बदलायचा नसतो.

हे बघायला एक माणूस नेमा, आणि त्याच्या कामाच्या तासांत हे धरा, नाहीतर दुसऱ्या महिन्यात बंद पडतं. कोणी विचारलं की हे शेवटी करू ना, तर सांगा की पीएमबॉक या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या प्रमाण मार्गदर्शक पुस्तकाच्या २०१७ च्या सहाव्या आवृत्तीत प्रोजेक्टमधल्या ज्ञानाची वेगळी प्रोसेस आली ती एक्झिक्युशनमध्ये, म्हणजे काम चालू असतानाच्या टप्प्यात, शेवटच्या क्लोजिंगमध्ये नाही.

राहिल्या जुन्या फायली. सगळ्या नीट लावत बसू नका, वर्ष जाईल. आत्ताच्या कामाशी जुळणाऱ्या दोन-तीन उचला, खाली नाव असेल त्या माणसाला फोन करा आणि विचारा, यात काय लिहायचं राहिलं होतं?