परदेशात लग्न करायचंय? आधी कागद कुठे जन्मला ते बघा

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न जर्मनीत झालं, मुलगा तिकडचाच, आणि ती तिकडे नोकरीत अडकलेली म्हणून बडोद्यातली सगळी धावपळ माझ्या गळ्यात. आठ महिने लागले, त्यातले निदान तीन आमच्याच गाढवपणामुळे. आता दांडिया बझारपासून कारेलीबागेपर्यंत आपल्या लोकांत ज्याच्या त्याच्या घरचं कोणीतरी कॅनडात नाहीतर जर्मनीत, त्यामुळे "अरे ते अपॉस्टिल का काय ते कुठे करतात" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

तसं बडोद्याला हे नवं नाही म्हणा. सयाजीराव महाराजांच्या इंदिराराजेंनी ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेलं लग्न मोडून १९१३ साली कूचबिहारच्या राजपुत्राशी लंडनला जाऊन लग्न केलं होतं. त्यांना कोणी सिंगल असल्याचा दाखला मागितला होता का देव जाणे, आपल्याला मात्र मागतात.

पहिलं काम एजंटकडे जाणं नाही. जिथे लग्न होणार त्या गावच्या विवाह नोंदणी ऑफिसला मेल टाकायचा की एक जण भारतीय आहे, तिकडे राहतो का इकडे, आधी लग्न झालेलं आहे की नाही, आणि कोणकोणते कागद कोणत्या भाषेत आणि कोणत्या शिक्क्यासकट हवेत ते लेखी कळवा. हे उत्तर हातात नसताना एक रुपया खर्च करू नका. आम्ही केला. एका एजंटने "बधा देशमा आ ज चाले" (सगळ्या देशांत हेच चालतं) असं ठासून सांगितलं आणि आम्ही जन्मदाखल्यावर अपॉस्टिल करून कुरिअरसुद्धा करून टाकलं.

तर अपॉस्टिल म्हणजे काय, हेगच्या १९६१ च्या करारातला एक शिक्का. भारतात तो परराष्ट्र मंत्रालय देतं, १४ जुलै २००५ पासून आपण त्या करारात आहोत. करारातल्या दुसऱ्या देशात तो लागलेला कागद वकिलातीत न जाता चालतो. कॅनडा कितीतरी वर्षं बाहेर होता, ११ जानेवारी २०२४ पासून आत आलाय, त्यामुळे तुमच्या मामेभावाने पाच वर्षांपूर्वी केलेली प्रोसेस आता तशीच्या तशी धरून चालू नका. दुबई-अबुधाबीसाठी अपॉस्टिल नाही, तिथे मंत्रालयाचं साधं अटेस्टेशन आणि मग त्यांच्या वकिलातीचा शिक्का. आणि आमची गंमत अशी की भारत करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली, म्हणजे दोन्ही देश करारात असूनसुद्धा आपलं अपॉस्टिल जर्मनीत चालत नाही. एजंटला हे माहीत नव्हतं, किंवा होतं. मंत्रालयाची अपॉस्टिलची फी कागदामागे ५० रुपये आहे, वर कलेक्शन सेंटरचा थोडा सर्व्हिस चार्ज, बाकी जे हजारो सांगतात ते धावपळीचे पैसे असतात.

ज्यांच्या देशात अपॉस्टिल चालतं त्यांच्यासाठी रस्ता असा: आधी राज्य सरकारचा शिक्का, मग मंत्रालयाचा. मंत्रालय २०१२ पासून लोकांकडून थेट कागद घेत नाही, त्यांनी नेमलेल्या सेंटरमधून द्यावे लागतात, आपल्याला दिल्लीला जायची गरज नाही, अहमदाबादला होतं. ई-सनद नावाची ऑनलाइन सोय पण आहे, पण कागद देणारं ऑफिस तिच्याशी जोडलेलं असेल तरच ती उपयोगाची.

आता खरी मेख. राज्य सरकारचा शिक्का म्हणजे कोणत्या राज्याचा? तुम्ही राहता त्या नाही, कागद जिथून निघाला त्या राज्याचा. आणि आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी! आम्ही तीन पिढ्या बडोद्याचे, रेशनकार्ड इथलं, शाळा इथली, आणि बहिणीचा जन्म मिरजेला आजोळी, त्यामुळे गांधीनगरला कितीही फेऱ्या मारल्या तरी त्या दाखल्यावर गुजरातचा शिक्का बसणार नाही, तो महाराष्ट्राकडूनच. म्हणजे एकाच माणसाचा जन्मदाखला महाराष्ट्रातून आणि अविवाहित असल्याचं अ‍ॅफिडेव्हिट गुजरातमधून. म्हणून पहिल्याच दिवशी सगळे कागद जमिनीवर पसरून प्रत्येकावर पेन्सिलने राज्य लिहा. हसू नका, आमचा पुढचा सगळा घोळ या एका गोष्टीने थांबला.

दाखला जुना हाताने लिहिलेला असेल तर नवीन कॉम्प्युटरवरची प्रत काढा, आणि त्यात इंग्रजी असेलच असं बघा. नुसता मराठी किंवा गुजराती दाखला गेला तर जर्मनीतले शपथबद्ध भाषांतरकार नावाचं स्पेलिंग पासपोर्ट बघून लिहीत नाहीत, त्यांच्या ठरलेल्या लिप्यंतराच्या नियमाने लिहितात, मग आडनावाच्या डोक्यावर आडव्या रेघा आणि पायाखाली टिंबं येतात आणि तो माणूस तुम्हीच आहात हे सिद्ध करत बसावं लागतं. भाषांतर इथे करून पाठवू नका, तिकडे त्यांच्या यादीतल्या माणसाकडूनच करायचं असतं, इथले पैसे वाया.

दुसरा आपला खास मराठी घोळ म्हणजे आईचं नाव. जन्माची माहिती दिली आजोबांनी, त्यांनी लेकीचं माहेरचं नाव सांगितलं. पासपोर्टवर सासरचं, लग्नात तांदळात लिहून बदललेलं. आडनाव बदलतं हे परदेशी लोकांना कळतं हो, पण पहिलं नावच बदलतं हे त्यांना समजावता समजावता घाम फुटतो. आम्ही आईचा शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाची पत्रिका आणि "दोन्ही नावं एकाच व्यक्तीची" असं अ‍ॅफिडेव्हिट जोडलं. शिवाय गुजरातेत आडनाव आधी लिहितात, पासपोर्टमधे नंतर, तेही त्यातच एका ओळीत लिहून टाका.

अविवाहित असल्याचं अ‍ॅफिडेव्हिट आईवडिलांनी करायचं का स्वतः, ते तिकडचं ऑफिस सांगेल. गुजरातमधे आता जुना स्टॅम्पपेपर मिळत नाही, ई-स्टॅम्प काढायचा, मग नोटरी. मजकुरात पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, पत्ता, आजपर्यंत कोणत्याही पद्धतीने लग्न झालेलं नाही हे वाक्य आणि कोणाशी करणार त्याचं नाव. नोटरीकडचा तयार मसुदा वाचल्याशिवाय सही करू नका, आमच्यात वरच्या पानावर मुलगी आणि खालच्या पानावर "माझा मुलगा" होतं. मुलगा-मुलगी परदेशातच राहत असतील तर तिथली भारतीय वकिलात पण असा दाखला देते, ते जास्त सोपं पडतं. घटस्फोट झालेला असेल तर हुकूमनाम्याची कोर्टाकडून प्रमाणित नक्कल लागते, झेरॉक्स नाही, आणि अपिलाची मुदत उलटलेली असली पाहिजे, हिंदू विवाह कायद्यात ती ९० दिवसांची आहे.

इथे एक सावधगिरी. पुष्कळ घरांत म्हणतात की आजी आहे तोवर इथे विधी उरकून घेऊ, रजिस्टर तिकडे करतील. दोघंही हिंदू असतील, समजा मुलगा टोरांटोतला आपलाच देशस्थ, तर १९५५ च्या कायद्याप्रमाणे सप्तपदीचं सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण झालं. मग अविवाहित असल्याचं अ‍ॅफिडेव्हिट खोटं ठरतं. साखरपुडा करा, केळवणं झोडा, आजीला पेढे द्या, सप्तपदी मात्र नंतर.

जर्मनीवाल्यांसाठी पुढचं. अपॉस्टिल चालत नाही म्हणून ते कागदांची चौकशी करतात, आपल्या भागासाठी मुंबईच्या त्यांच्या कॉन्सुलेटमार्फत, खर्च आपला आणि महिने जातात. एक फॉर्म भरावा लागतो, त्यात शाळा, नातेवाईक, शेजारी यांचे पत्ते. एका रविवारी सकाळी कॉन्सुलेटने चौकशीला पाठवलेले वकील आले, आई फरसाण आणायला गेलेली, तर त्यांनी समोरच्या काकूंनाच विचारलं, या मुलीचं आधी लग्न झालंय का? काकू म्हणाल्या, "झालं असतं तर आम्हाला जेवायला बोलावलं नसतं का!" वकिलांनी ते लिहून घेतलं. तेव्हा शेजाऱ्यांना आधी कल्पना देऊन ठेवा, नाहीतर भलतीच बातमी पसरते. शिवाय तिकडे "लग्नास पात्र" असा सरकारी दाखला मागतात, तसला दाखला देणारं ऑफिस भारतात नाहीच, म्हणून तिथल्या वरच्या कोर्टाकडून सूट घ्यावी लागते, ती सहा महिने चालते. तारीख त्या सहा महिन्यांत बसवा, हॉल आधी बुक करू नका.

हे सगळं ऐकून लोक डेन्मार्कला जातात. तिथे साधारण पासपोर्ट, कायदेशीर व्हिसा किंवा रेसिडन्स, नातं खरं असल्याचे पुरावे आणि घटस्फोटाचे कागद असतील तर ते, एवढ्यावर काम होतं, आणि लग्न करायची परवानगी म्हणून मिळालेलं सर्टिफिकेट चार महिने चालतं. आमच्या जावयांनी हे सुचवलं होतं, बाबांनी ऐकलं नाही. अजून एक रस्ता म्हणजे १९६९ चा परदेशी विवाह कायदा, त्यात भारतीय वकिलातीतच लग्न लागतं, मुलगा २१ मुलगी १८ पूर्ण आणि नोटिशीनंतर ३० दिवस थांबायचं. पण सगळ्या वकिलाती लावतातच असं नाही, आधी विचारा.

लग्न झाल्यावर तिथल्या सर्टिफिकेटच्या दोन-तीन मूळ प्रती जास्तीच्या मागून घ्या, तिथल्या तिथे स्वस्तात मिळतात. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव घालायला एक उपयोगी पडते. एक आईने देवघराच्या खणात ठेवलीय, लॅमिनेट करून. लॅमिनेट करू नका असं मी तिला तीनदा सांगितलं होतं, कारण त्यावर आता कुठलाच शिक्का बसणार नाही.