कॉलेजात लैंगिक हिंसेवर बोलायला जाण्याआधी

आमंत्रण आलं की तारीख कळवण्याआधी कॉलेजला फोन करा आणि समोर कोण बसणार ते विचारा. बरेचदा ‘विद्यार्थिनींसाठी मार्गदर्शन’ असंच ठरलेलं असतं. मुलगेही हवेत, हे तेव्हाच सांगून टाका. अंधार पडायच्या आत घरी ये, हे ऐकवायला मुलींना वक्ता लागत नाही. ते त्या लहानपणापासून ऐकतायत. संमती म्हणजे काय, हे ज्यांच्याशी घरात किंवा वर्गात कुणीच बोललेलं नाही, ते मुलगे त्या सभागृहात असलेच पाहिजेत.

अकरावी-बारावीचे वर्गही येणार आहेत का, हा दुसरा प्रश्न. अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. त्यामुळे ‘मला सांग, कुणाला कळणार नाही’ असं वचन देऊच नका. मूल बोलायला लागण्याआधी ही मर्यादा त्याला कळायला हवी. किती सांगायचं ते मग त्याला ठरवता येतं.

कॉलेजात लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर आधी मागवून घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१५च्या विनियमांनुसार समितीची अध्यक्ष ज्येष्ठ प्राध्यापिका असते, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, बाहेरचा एक सदस्य लागतो आणि प्रकरणात विद्यार्थी असतील तर विद्यार्थ्यांचे निवडून आलेले तीन प्रतिनिधीही. डीन, विभागप्रमुख अशा अधिकारपदांवरच्या माणसांना समितीत जागा नाही. यादी मिळायला आठवडा लागला, तर समिती कागदावरच आहे असं धरून चाला आणि प्राचार्यांशी तो विषय भाषणाआधी काढा. समितीकडे तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते आणि सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. हे आकडे तोंडपाठ हवेत, कारण ‘आता उशीर झाला का?’ हा प्रश्न येतोच.

वेळ सकाळची घ्या. दुपारनंतर मुलींचं लक्ष एसटीकडे असतं आणि ज्यांना थांबून बोलायचं असतं त्यांनाही थांबता येत नाही. दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक दहा मिनिटांत आटपा, अशी विनंती लेखी करा. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीसाठी जिओटॅग (ठिकाण नोंदलेले) फोटो काढतील, ते सुरुवातीलाच काढू द्या. प्रश्नोत्तरं सुरू झाली की सगळे कॅमेरे बंद.

बोलण्यात कायद्याची कलमं थोडीच ठेवा. एक मात्र सांगाच: प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं धरता येत नाही, हे भारतीय न्याय संहितेतही लिहिलेलं आहे. बाकीचा वेळ मुलांच्या ओळखीच्या प्रसंगांना द्या. ग्रुपवर फिरणारा वर्गातल्या मुलीचा फोटो, नकारानंतरही रोज बसस्टॉपवर उभा राहणारा मुलगा, प्रॅक्टिकलच्या गुणांची भीती घालणारे सर. अशा वेळी बाजूला उभ्या मित्राने नेमकं काय म्हणायचं, ती वाक्यं मुलांकडूनच मोठ्याने म्हणून घ्या. मुलग्यांवर आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांवरही अत्याचार होतात, हे ओझरतं नको, नीट सांगा.

प्रश्नांसाठी सारख्या आकाराच्या चिठ्ठ्या आणि झाकणाचा डबा न्या. चिठ्ठी प्रत्येकाने लिहायची, प्रश्न नसेल त्याने ‘काही नाही’ लिहायचं. म्हणजे कोण लिहितंय याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

सगळ्यात जास्त तयारी लागते ती भाषण संपल्यानंतरच्या तासाची. सभागृह रिकामं होताना कुणीतरी मागे रेंगाळतं. त्यासाठी एक खोली आधीच मागून ठेवा आणि सोबतीला एक सहकारी न्या, एकट्याने जाऊ नका. ‘तू तिथे का गेलीस?’ हा प्रश्न कुठल्याही रूपात विचारायचा नाही. ऐका, विश्वास ठेवा, पुढे काय करायचं ते तिला ठरवू द्या. घटना ताजी असेल तर रुग्णालय आधी. गर्भधारणा आणि एचआयव्ही टाळण्याची औषधं जितकी लवकर तितकी बरी, आणि एचआयव्हीसाठीची ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. पीडितेवर सरकारी वा खासगी कुठल्याही रुग्णालयाने मोफत उपचार करायचे असतात, तिने तक्रार केलेली नसली तरी. रुग्णालय पोलिसांना कळवतं, हे मात्र तिला आधी सांगा. ११२ (आणीबाणी), १८१ (महिला), १०९८ (मुलं) हे मदतीचे नंबर आणि हिंसा सोसलेल्या बायकांना मदत करणाऱ्या जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरचा नंबर छापून न्या. सेंटरचा नंबर निघण्याआधी स्वतः लावून पाहा. बंद नंबर हातात पडलेली मुलगी दुसऱ्यांदा मदत मागेलच असं नाही.

परतल्यावर चिठ्ठ्या वाचा. एखादा जिना, एखादी लॅब वारंवार आली असेल, तर कुणाची ओळख उघड होणार नाही अशा बेताने प्राचार्यांना लेखी कळवा, मग चिठ्ठ्या फाडून टाका. महिन्याभराने फोन करून दोनच गोष्टी विचारा: त्या जागेचं काय केलं, आणि समितीची नावं फलकावर लागली का.