ईएसलिंट ९ : डिस्ट फोल्डर खरोखर वगळायचं कसं

एप्रिल २०२४ मध्ये ईएसलिंट या जावास्क्रिप्ट कोड तपासणाऱ्या टूलची नववी आवृत्ती आली आणि कॉन्फिगची पद्धतच बदलली. '.ईएसलिंटआरसी' या जुन्या कॉन्फिग फाइलची जागा 'ईएसलिंट.कॉन्फिग.जेएस'ने घेतली आणि वगळायच्या फाइल्सची यादी असलेली '.ईएसलिंटइग्नोअर' आता वाचलीच जात नाही. तरीही जुने सल्ले नेटवर जोरात फिरताहेत. ज्या लेखात '.ईएसलिंटइग्नोअर बनवा' असं दिसेल, तो तिथंच बंद करा.

सुरुवात सोपी आहे. प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमध्ये 'एनपीएम इनिट @ईएसलिंट/कॉन्फिग@लेटेस्ट' चालवा आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्या. कॉन्फिग फाइल तयार मिळते.

फाइलमध्ये एक अ‍ॅरे असतो आणि त्यात ऑब्जेक्ट्स. वाचन वरून खाली होतं, एकाच रूलबद्दल दोन ठिकाणी लिहिलं असेल तर खालचं चालतं. म्हणून 'रेकमेंडेड' (ईएसलिंटनेच सुचवलेले रूल्स) वर, तुमचे रूल्स खाली.

आता खरी भानगड. बिल्ड करून तयार झालेला कोड 'डिस्ट' फोल्डरमध्ये जातो, तो तपासायचा नसतो. बहुतेक जण आपल्या रूल्सच्याच ऑब्जेक्टमध्ये 'इग्नोअर्स' ही की घालतात, तिथं 'डिस्ट/' लिहितात आणि काम झालं असं समजतात. लिंट चालवलं की एका ओळीत दाबून बसवलेल्या बंडल फाइलमधल्या तक्रारींनी टर्मिनल भरून जातं : ओळ १, कॉलम ४८२१३. गंमत म्हणजे कॉन्फिगमध्ये चूक आहे असं ईएसलिंट कुठंही सांगत नाही.

कारण असं : 'इग्नोअर्स' ऑब्जेक्टमध्ये एकटं असेल, तरच ते सगळ्या प्रोजेक्टला लागू होतं. सोबत 'रूल्स' किंवा 'फाइल्स' आलं, की त्याचा अर्थ उरतो एवढाच : 'हा ऑब्जेक्ट या फाइल्सना लावू नका.' वरचं 'रेकमेंडेड' त्या फाइल्सना लागतच राहतं. शिवाय अशा ठिकाणी फक्त फाइलची नावं जुळवली जातात, त्यामुळे 'डिस्ट/' हा पॅटर्न काहीच वगळत नाही. तिथं 'डिस्ट/**' लागतो. एका ओळीत दोन चुका, आणि दोन्ही मुक्या.

तेव्हा 'इग्नोअर्स'ला स्वतंत्र ऑब्जेक्ट द्या, त्यात दुसरी कुठलीही की नको. नव्या आवृत्त्यांत 'ईएसलिंट/कॉन्फिग'मधून 'ग्लोबलइग्नोअर्स' हे फंक्शन मिळतं. तेच वापरा, म्हणजे उद्या कुणी शेजारी 'रूल्स' चिकटवून घोळ घालणार नाही.

पॅटर्नही तपासा. 'बिल्ड/' म्हणजे कॉन्फिग फाइलच्या शेजारचंच बिल्ड फोल्डर. मोनोरिपोत, म्हणजे एकाच रिपॉझिटरीत अनेक पॅकेजेस असताना, प्रत्येक पॅकेजचं बिल्ड वगळायचं तर '**/बिल्ड/' लिहा. 'नोड_मॉड्यूल्स' आधीच वगळलेलं असतं, ते पुन्हा लिहू नका. '.गिटइग्नोअर' मात्र आपोआप वाचली जात नाही.

खात्री करायला अंदाज नको : 'एनपीएक्स ईएसलिंट'पुढे डिस्टमधल्या एखाद्या फाइलचा पत्ता द्या. फाइल इग्नोअर झाल्याची वॉर्निंग आली, तरच कॉन्फिग बरोबर. कुठल्या फाइलला कोणते रूल्स लागतात हे बघायला '--इन्स्पेक्ट-कॉन्फिग' आहे. ब्राउझरमध्ये सगळं स्वच्छ दिसतं.

'विंडो' किंवा 'प्रोसेस' अपरिचित असल्याची ओरड आली तर 'ग्लोबल्स' पॅकेजमधून ब्राउझर किंवा नोडची यादी 'लँग्वेजऑप्शन्स'मध्ये जोडा. त्यासाठी ही ओरड करणारा 'नो-अनडेफ' रूलच बंद करणं हा शुद्ध आळस आहे.

स्पेस, सेमिकोलन, अवतरणचिन्हं यांचे रूल्स ईएसलिंटमध्ये लावू नका. फॉरमॅटिंगचे रूल्स ईएसलिंटने २०२३ मध्येच डेप्रिकेट केलेत. ते काम प्रेटियर या फॉरमॅटिंगच्या टूलचं. रूल मोडल्यावर फक्त इशारा देणाऱ्या 'वॉर्न'चाही मोह टाळा. पिवळ्या ओळींकडे आठवड्याभरानं कुणी ढुंकूनही बघत नाही. रूल हवा असेल तर 'एरर', नको असेल तर 'ऑफ'. 'वॉर्न' ठेवायचाच असेल तर सीआयमध्ये (कोड आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरवर) '--मॅक्स-वॉर्निंग्ज ०' द्या, म्हणजे एक वॉर्निंग आली तरी तपासणी नापास होते.

जुन्या प्रोजेक्टवर चुका आपोआप दुरुस्त करणारं '--फिक्स' चालवताना तो बदल वेगळ्या कमिटमध्ये ठेवा. फीचरच्या कोडमध्ये मिसळलात, तर रिव्ह्यू करणारा शिव्या घालेल आणि त्याचं काही चुकणार नाही.