सांध्यांचं पॅथोफिजिओलॉजी: तक्त्याआधी सांध्याचा काठ बघा

सांध्यांचं पॅथोफिजिओलॉजी, म्हणजे आजारात सांध्यात नेमकं काय बिघडतं, हे शिकताना मेडिकलचे बहुतेक विद्यार्थी थेट 'ऑस्टिओआर्थ्रायटिस विरुद्ध रुमॅटॉइड' हा दोन प्रकारच्या संधिवातांमधल्या फरकांचा तक्ता पाठ करायला बसतात. कृपा करून तिथून सुरुवात करू नका. तोंडी परीक्षेत एक उलटा प्रश्न आला की दोन्ही रकान्यांची सरमिसळ होते. मला हा भाग फार जड गेला होता, म्हणून कुठे अडायला होतं तेवढंच सविस्तर सांगते.

अडायला होतं ते कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) आणि सायनोव्हियम यांच्या सीमेवर. सायनोव्हियम हे कॅप्सूलचं, म्हणजे सांध्याभोवतीच्या पिशवीचं, आतलं अस्तर. पण ते सांध्यातल्या कूर्चेवर चढत नाही, तिच्या काठाशी थांबतं. या काठाजवळ हाडाची एक अरुंद पट्टी असते, सांध्याच्या आत असूनही कूर्चेचं आवरण नसलेली. कोऱ्या कागदावर ही पट्टी काढा आणि तिच्यावर बोट ठेवून पुढचं वाचा.

रुमॅटॉइडमध्ये मूळ दाह सायनोव्हियमचा. ते सुजतं, जाड होतं, त्याचा पॅनस (सुजलेल्या अस्तराचा वाढत जाणारा थर) बनतो आणि काठावरून आत सरकतो. त्याला सगळ्यात आधी सापडते ती हीच उघडी पट्टी. म्हणून एक्स-रेवर सुरुवातीचे इरोजन्स (हाड खाल्लं जाऊन पडलेले खड्डे) सांध्याच्या कडेला दिसतात, मधोमध नाही. पुढे कूर्चा सगळीकडून खाल्ली जाते, त्यामुळे सांध्यातली फट सारखी अरुंद होते. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये जिथे भार जास्त, तिथे कूर्चा आधी पातळ होते. म्हणून फट एका बाजूने मिटते, कूर्चेखालचं हाड घट्ट होतं, कडेला ऑस्टिओफाइट्स (हाडाचे वाढलेले कंगोरे) येतात. बघा, अर्धा तक्ता पाठ न करताच आला! उत्तरात मात्र नुसतं 'झीज' लिहून सोडू नका. कूर्चेतल्या पेशी स्वतःच एन्झाइम्स सोडून मॅट्रिक्स (पेशींभोवतीचा कूर्चेचा पदार्थ) तोडतात, आणि आज हा अख्ख्या सांध्याचा आजार मानला जातो.

आता वेदना. कूर्चेला ना रक्तवाहिन्या, ना नसा. मग गुडघा दुखतो कसा? दुखतं ते कूर्चेखालचं हाड, सायनोव्हियम, कॅप्सूल. म्हणूनच एक्स-रे खराब असूनही एखादा रुग्ण आरामात चालतो, आणि दुसरा किरकोळ बदलांतही कळवळतो. सकाळचा ताठरपणा ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये साधारण ३० मिनिटांत सुटतो, रुमॅटॉइडमध्ये तासाभराहून जास्त टिकू शकतो.

आता गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडच्या स्फटिकांमुळे होणारा संधिवात, थोडक्यात: ऐन झटक्यात रक्तातलं युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं. तेवढ्यावरून गाऊट नाही म्हणू नका. सांध्यातल्या द्रवात सुईसारखे, निगेटिव्ह बायरिफ्रिन्जन्स (ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा एक विशिष्ट गुणधर्म) दाखवणारे स्फटिक शोधा.

सीनियरांच्या नोट्स उजळणीला चांगल्या, शिकायला नाहीत, असं माझं ठाम मत आहे. शिकवणारा निवडायचाच असेल तर तुमच्याकडून आकृती काढून घेणारा निवडा. आणि पहिल्या वाचनात सगळं धूसर वाटलं तर घाबरू नका. ती सीमा पक्की झाली की बाकीचं पटापट जागेवर बसतं.

एका बाबतीत मात्र सूट नाही. अचानक एकच सांधा लाल, गरम, सुजलेला आणि हलवता न येणारा झाला, तर दुसरं सिद्ध होईपर्यंत तो सेप्टिक आर्थ्रायटिस (सांध्यातला जंतुसंसर्ग) समजा. ताप नसला तरीही. जंतुसंसर्ग काही दिवसांत कूर्चा कायमची नष्ट करू शकतो. शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्याआधी सांध्यातला द्रव काढून ग्रॅम स्टेन आणि कल्चर या जंतू शोधण्याच्या तपासण्यांना पाठवा. गाऊटचे स्फटिक सापडले तरी कल्चर रद्द करू नका. दोन्ही एकाच सांध्यात असू शकतात.